शपथ नेमकी कोणाची?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरचा पानभर लेख वाचला. भाषा ओघवती आहे, याबद्दल वाद नाही. पण "एक तृतीयांश जनता स्वातंत्र्याच्या बाजूने, एक तृतीयांश राजाच्या बाजूने आणि उरलेली कुंपणावर, असे खुद्द जॉन अ‍ॅडम्स सांगून गेला" हे वाक्य आपण चौकटीत, ठळक टायपात छापले आहे. म्हणजे नजरचुकीने गेले, असेही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

अ‍ॅडम्सचे ते पत्र 1815 सालचे, म्हणजे हा क्रांतीतला पुढारी अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष होऊन निवृत्त झाल्यानंतरचे, जेम्स लॉइडला लिहिलेले. त्यातले तीन वाटे फ्रेंच राज्यक्रांतीबद्दलच्या अमेरिकन मतांचे आहेत. 1776 च्या अमेरिकन क्रांतीशी त्यांचा संबंध बादरायण. स्वतःच्या क्रांतीबद्दल अ‍ॅडम्सने 1813 मध्ये टॉमस मॅककीनला लिहिले होते, आणि तिथे त्याचा हिशेब असा की दोन तृतीयांश लोक आपल्याकडे होते असे धरले तरी पुष्कळ झाले. आज अभ्यासक साधारणपणे गोऱ्या लोकसंख्येपैकी 15 ते 20 टक्के राजनिष्ठ धरतात. हे सारे कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात अर्ध्या तासात तपासता आले असते. असो.

आकड्यापेक्षा जास्त खटकली ती लेखाची मांडणी. एका बाजूला देशभक्त, दुसऱ्या बाजूला फितूर, आणि मधली रेघ पट्टीने ओढलेली. लेखकमहाशयांनी 1776-77 च्या हिवाळ्यातल्या न्यू जर्सीकडे एकदा तरी पाहिले असते तर ही पट्टी त्यांनी खाली ठेवली असती.

न्यूयॉर्क हातचे गेल्यावर वॉशिंग्टनची फौज न्यू जर्सीतून मागे हटत डेलावेअर नदीकडे निघाली होती. तेवढ्यात 30 नोव्हेंबरला इंग्रज सेनेच्या हाव (Howe) बंधूंनी, म्हणजे एक ॲडमिरल आणि एक जनरल, जाहीरनामा काढला. 60 दिवसांच्या आत सरकारी किंवा लष्करी अधिकाऱ्यासमोर या, राजाच्या आज्ञेत शांतपणे राहीन, शस्त्र उचलणार नाही आणि इतरांना उचलायला लावणार नाही, अशा मजकुराखाली सही करा, आणि माफीचा दाखला घेऊन घरी जा. हजारो शेतकऱ्यांनी तो घेतला. डोक्यावर इंग्रज पलटण, आपली फौज नदीपलीकडे, कोठीत वर्षाचे धान्य. घेतील नाही तर काय! लोक या दाखल्याला 'प्रोटेक्शन' म्हणत. संरक्षण मात्र बेताचेच मिळाले. राजाच्या भाडोत्री जर्मन शिपायांना इंग्रजी वाचता येत नसे, आणि ज्या इंग्रज शिपायांना येत असे ते वाचण्याच्या भानगडीत पडत नसत. दाखला दाखवणाऱ्याचीही गाय गेली, घोडा गेला, कुंपणाची लाकडे शेकोटीत गेली. न्यू जर्सीतले लोक राजावर उलटले त्यात टॉमस पेन या स्वातंत्र्यवादी लेखकाच्या पत्रकांइतकाच या लुटीचाही वाटा होता.

मग ट्रेंटन आणि प्रिन्सटनच्या लढाया वॉशिंग्टनने जिंकल्या, वारा फिरला. 25 जानेवारी 1777 ला वॉशिंग्टनने मॉरिसटाऊनहून आपला जाहीरनामा काढला: हावचे दाखले 30 दिवसांत आमच्याकडे जमा करा आणि संयुक्त संस्थानांशी (म्हणजे युनायटेड स्टेट्सशी) निष्ठेची शपथ घ्या. ज्यांना राजाचाच आसरा हवा त्यांनी बायकामुलांसह शत्रूच्या हद्दीत जावे. मुदतीनंतर कोणाचीही गय नाही. आता तारखा मोजा. हावचे 60 दिवस 29 जानेवारीला संपत होते. म्हणजे महिन्याच्या शेवटी चार-पाच दिवस दोन्ही खिडक्या एकदम उघड्या होत्या. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे कारकून दौत घेऊन बसलेला. या शेतकऱ्याला लेखकमहाशय कोणत्या रकान्यात घालणार?

गंमत पुढेच आहे. वॉशिंग्टनच्या या शपथेवर पहिली हरकत राजनिष्ठांनी घेतली नाही. ती घेतली न्यू जर्सीच्याच अब्राहम क्लार्कने, आणि हा गृहस्थ स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. त्याचे म्हणणे असे की संस्थानांचा संघ अजून कागदावरही पक्का झालेला नाही, मग 'संयुक्त संस्थानां'शी निष्ठा ही कुठली? शपथ घ्यायची तर आपापल्या संस्थानाची. पेन्सिल्व्हेनियाने त्याच वर्षी जूनमध्ये कायदा केला तोही याच चालीवर. 18 वर्षांवरील प्रत्येक गोऱ्या पुरुषाने न्यायाधीशापुढे जाऊन राजाची निष्ठा सोडायची, पेन्सिल्व्हेनियाशी इमान राखीन म्हणायचे, कटकारस्थान कळले तर कळवीन म्हणायचे आणि दाखला घ्यायचा. न घेणाऱ्याला मतदान नाही, ज्यूरीत जागा नाही, बुडालेल्या कर्जासाठी कोर्टात जाता येत नाही, जमिनीची खरेदी-विक्री नाही. दाखल्याशिवाय आपल्या काउंटीबाहेर पडला तर हेर समजून पकडायची मुभा. यात सर्वांत भरडले गेले क्वेकर आणि मेनोनाइट, हे युद्ध आणि शपथ दोन्ही नाकारणारे ख्रिस्ती पंथ. ते राजासाठी लढत नव्हते की काँग्रेससाठी, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेसाठी. त्यांच्या धर्मात हे बसतच नव्हते. आपल्या लेखात ते 'कुंपणावर'च्या तिसऱ्या वाट्यात जाऊन बसले असावेत.

"1765 च्या स्टॅम्प कायद्यापासूनच जनतेच्या मनातून राजा उतरला" हे आणखी एक ठोकून दिलेले विधान. हा कायदा म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतल्या कागदपत्रांवर लादलेला कर. तो कायदा रद्द झाल्याच्या आनंदात न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन चौकात राजा तिसऱ्या जॉर्जचा सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो 1770 मध्ये. राग पार्लमेंटवर होता. राजाकडे दाद मागायची असते, ही समजूत काँग्रेसने राजाला पाठवलेल्या जुलै 1775 च्या अर्जापर्यंत टिकली, आणि राजाने तो अर्ज हातातही न धरल्यावर सुटली. तो पुतळा 9 जुलै 1776 ला ओढून पाडला. शिसे कनेक्टिकटातल्या लिचफील्डला नेऊन 42,088 गोळ्या पाडल्या. काही तुकडे राजनिष्ठांनी वाटेतच लांबवले, त्यात घोड्याची शेपटीही होती.

त्याच लिचफील्डच्या तुरुंगात पुढच्या वर्षी विल्यम फ्रँकलिन एकांतवासात होता. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा, न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर. बायको न्यूयॉर्कमध्ये मरणपंथाला लागलेली असताना काँग्रेसने त्याला भेटीला सोडले नाही. बापाने मृत्युपत्रात त्याला नावापुरते काही ठेवले त्यात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातली जमीन होती, म्हणजे परागंदा राजनिष्ठांच्याच मुलखातली. बेंजामिन फ्रँकलिनवर आपल्या लेखात दोन परिच्छेद आहेत. या मुलाचा उल्लेखही नाही.

गुलामांचा तर नाहीच नाही. नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरने बंडखोरांच्या मालकीच्या गुलामांना राजाच्या फौजेत आल्यास मुक्ती जाहीर केली. युद्ध संपताना सुमारे 3,000 काळी माणसे नोंदवहीत नावे लिहून न्यूयॉर्कहून जहाजांवर चढली, त्यात वॉशिंग्टनच्या मळ्यावरून पळालेला हॅरी वॉशिंग्टनही होता. स्वातंत्र्य कोणत्या झेंड्याखाली मिळते याचा त्याने व्यवहारी हिशेब केला. त्यालाही फितूर म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

जाता जाता, 1773 च्या बोस्टन बंदरातल्या चहाबंडाच्या चित्राखालची ओळ: "भारतातून आलेला चहा समुद्रात फेकताना". कंपनी ईस्ट इंडिया, म्हणून चहा भारताचा? त्या 342 पेट्यांतला चहा चिनी होता, कँटनहून लंडनला आणि तिथून बोस्टनला आलेला. आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला 1839 मध्ये. आणि तो प्रकार 16 डिसेंबरच्या रात्रीच का झाला, हेही लेखात यायला हवे होते. बंदरात आल्यापासून 20 दिवसांत जकात भरली नाही तर कस्टमला माल जप्त करता येत असे, आणि पहिल्या जहाजाची, 'डार्टमथ'ची, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. निदान ती ओळ तरी दुरुस्त करून छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली