झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

कुडाळच्या एसटी स्टँडजवळच्या तुमच्या दुकानात मी आमच्या मंडळाच्या दशावताराच्या व्हिडिओच्या फायली घेऊन आलो, तेव्हा समोर दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी रांग होती. तरी तुम्ही मला बसायला स्टूल दिलंत आणि म्हणालात, "फाईल केवढी आसा, ता आधी बघूया." त्याआधी ज्याला ज्याला विचारलं, त्याने एकच सल्ला दिला होता: व्हिडिओ लहान करून पाठव. तुम्ही तसं सुचवलंसुद्धा नाही. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं आणि पुढे राजपार्टी म्हणजे राजाचं काम करणारा काय बोलेल, खलपार्टी म्हणजे खलनायक त्याला काय उत्तर देईल, ते रंगमंचावर त्या क्षणीच सुचतं. जत्रेच्या रात्री जे बोललं गेलं, ते पुन्हा तसंच कधी बोललं जात नाही. मग रेकॉर्डिंग हाच त्याचा एकमेव पुरावा उरतो. व्हॉट्सॲपवर तोच व्हिडिओ दाबून पाठवला की राजाच्या मुकुटावरची कलाकुसर पुसट होते आणि अंधारातून संकासुर येतो तिथे नुसते काळे चौकोन दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा तर २ जीबीची मर्यादा. आमच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला ५० मेगाबिटचं, म्हणजे तासाला साधारण २२ जीबी, आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं.

पेनड्राइव्हवर भरपूर जागा शिल्लक असताना फाईल का जात नाही, हे मला तुमच्यामुळे कळलं. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला होता. डिस्कवर फायली मांडून ठेवायची ही पद्धत १९९६ सालची. तिच्यात फाईलचा आकार लिहायला ३२ बिटच ठेवलेत, त्यामुळे ४ जीबीच्या वरचा आकडा लिहिताच येत नाही. बँकेच्या चलनावर रकमेचे चौकोन संपावेत, तसं. एनटीएफएस ही विंडोजची पद्धत वापरली तर मंडळाच्या विंडोज लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं, पण पुण्याला एडिटिंग करणाऱ्या माझ्या मावसभावाच्या मॅकवर त्या डिस्कमधलं फक्त वाचता येतं, तिच्यावर काही लिहिता येत नाही. तो काम करून परत कशात देणार?

तुम्ही एक्सफॅट या तिसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून दिलंत. तेही आधी डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घेऊन, कारण फॉरमॅट केल्यावर आतलं काही राहत नाही. एक्सफॅट २००६ सालचं, विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता-वाचता येणारं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ते २०१९ च्या अखेरीस आलं, म्हणून तुमच्या उबुंटू या लिनक्सवरही डिस्क लावताच उघडली. त्याची उणी बाजूही तुम्ही लपवली नाहीत. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा केबल ओढली गेली तर सावरायला त्याच्याकडे जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते मी तुम्हाला काय सांगू! म्हणून इजेक्ट केल्याशिवाय काढायचं नाही आणि दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवायचीच, हे तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलंत.

सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी शिकवलीत: कॉपी झाल्यावर दोन्ही फायलींचा चेकसम, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढून ताडून बघायचा. तुम्ही टर्मिनलवर कमांड दिलीत. दोन्हीकडे अक्षरांची आणि आकड्यांची तीच लांबलचक ओळ आली, आणि तुम्ही पेन्सिलीने शेवटची सहा अक्षरं कागदावर लिहून माझ्या हातात दिलीत. मावसभावाने मॅकवर तेच करून बघितलं. अक्षरं जुळली. इतक्या लांबून एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नाही, याची एवढी पक्की खात्री मला आधी कधी वाटली नव्हती.

घरात दोन्ही मशीन असतील तर डिस्कचीही गरज नाही, लॅनच्या केबलने जोडून फोल्डर शेअर करा, असंही तुम्ही म्हणाला होतात. मावसभाऊ चतुर्थीला आला तेव्हा ते करून पाहिलं. गिगाबिटच्या केबलवरून तासाभराचं रेकॉर्डिंग चारेक मिनिटांत गेलं. फोल्डर शेअर करायची एसएमबी ही पद्धत विंडोज, मॅक, लिनक्स या तिघांनाही कळते, मग आम्हाला वेगळं काही टाकावंच लागलं नाही. हे आता मी इतर मंडळांच्या पोरांनाही सांगतो आणि तुमचं दुकान दाखवतो.

तुम्ही पैसे फक्त पेनड्राइव्हचे घेतलेत. माझ्या मनाला ते अजून पटलेलं नाही. मंडळाच्या मालकांनी निरोप दिलाय, कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की घरच्यांना घेऊन या, बसायला पुढची जागा ठेवतो. आणि पेटीमास्तरांकडे जुन्या व्हिडिओ कॅसेट निघाल्या आहेत, काहींना बुरशी लागलीय. त्यांचं काय करता येईल ते विचारायला पुढच्या आठवड्यात येतो.

आपला,
जत्रेत कॅमेरा घेऊन उभा असणारा