वेगाच्या आकड्याशेजारी षटकांचा हिशेबही छापावा

संपादक महोदय,

नवा वेगवान गोलंदाज दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न 'वेग किती?' हाच असतो आणि क्रीडा पानाचा मथळाही तोच आकडा मिरवतो. मयंक यादवच्या बाबतीत याहून वेगळे घडले नाही. 30 मार्च 2024 रोजी लखनऊ सुपर जायंट्सकडून आयपीएलमधील पहिलाच सामना खेळताना दिल्लीच्या या तरुणाने ताशी 155.8 किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला आणि तीनच दिवसांनी बेंगळुरूविरुद्ध 156.7 किलोमीटरपर्यंत मजल मारून 14 धावांत तीन बळी घेतले. कॅमेरून ग्रीनचा त्रिफळा उडाला तेव्हा मीही खुर्चीतून उठलो होतो, हे कबूल करतो. मात्र अवघ्या चार सामन्यांत दुखापतीमुळे त्याचा तो मोसम संपला. ऑक्टोबरमध्ये ग्वाल्हेरला बांगलादेशविरुद्ध आंतरराष्ट्रीय पदार्पणाचे पहिलेच षटक त्याने निर्धाव टाकले. त्या मालिकेतील तीन सामन्यांनंतर पाठीने साथ सोडली आणि 2025 च्या आयपीएलमध्ये तो दोनच सामने खेळू शकला.

भारताची टोपी मिळाली तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीचा, म्हणजे अनेक दिवस चालणारा, एकच सामना होता. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. चेंडू सोडताना गोलंदाजाची कंबर एकाच वेळी वाकते आणि पिळली जाते, पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार अंगावर येतो, आणि मणक्याच्या खालच्या भागातील हाडे विशी उलटून गेल्यावरही काही वर्षे पक्की होत असतात. हे हाड हळूहळू वाढवलेल्या भाराने बळकट होते, एकाएकी पडलेल्या भाराने मात्र त्याला बारीक तडा जातो. त्यामुळे अतिश्रम जितके घातक, तितकीच दीर्घ विश्रांतीनंतर पूर्ण ताकदीनिशी केलेली उडीही घातक ठरते. टी-ट्वेंटीतील चार षटके या तयारीची जागा घेऊ शकत नाहीत. दिवसाला अठरा-वीस षटके टाकून दुसऱ्या सकाळी पुन्हा चेंडू हाती घेण्याची सवय रणजी सामन्यांतच लागते.

वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सचे उदाहरण बोलके आहे. केवळ तीन प्रथम श्रेणी सामन्यांच्या शिदोरीवर, वयाच्या अठराव्या वर्षी, नोव्हेंबर 2011 मध्ये तो जोहान्सबर्गला कसोटी खेळला, दुसऱ्या डावात सहा बळी घेऊन सामनावीर ठरला आणि पुढची कसोटी खेळायला त्याला थेट मार्च 2017 मधील रांची उजाडावी लागली. मधल्या काळात त्याला पाठीच्या दुखापतींनी वारंवार गाठले, पण कसोटी संघाबाहेर घालवलेल्या त्या वर्षांमुळेच पुढे दीर्घकाळ खेळणारा कर्णधार ऑस्ट्रेलियाला मिळाला. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचे घ्या. भारतीय संघातील स्थान गमावल्यावर तो 2006 मध्ये वूस्टरशायरकडे गेला, तिथे मोसमभर षटकांमागून षटके टाकली, चेंडू टाकण्यापूर्वीची धाव आखूड केली आणि अधिक शहाणा गोलंदाज होऊन परतला. त्याने वेगाचा हट्ट धरला असता तर 2011 च्या विश्वचषकात आपल्याला तो दिसला असता का, याविषयी मला शंका आहे.

क्रिकेट नियामक मंडळाने फेब्रुवारी 2024 मध्ये पाच वेगवान गोलंदाजांना स्वतंत्र करार दिले, ही योग्य सुरुवात होती. मात्र अशा करारात एक अट स्पष्ट असावी: दुखापतीतून परतणाऱ्या तरुण गोलंदाजाने देशांतर्गत चार दिवसांच्या सामन्यांत ठरावीक षटके टाकल्याखेरीज त्याला ना भारतीय संघाने बोलवावे, ना आयपीएलमधील मालकांनी. मालकांना ही अट रुचणार नाही. मयंकला लखनऊने 11 कोटी रुपयांना कायम राखले आणि एवढी रक्कम मोजणाऱ्याला खेळाडू त्या दोन महिन्यांतच हवा असतो. म्हणूनच तो कधी खेळेल याचा शेवटचा शब्द मंडळाच्या वैद्यकीय पथकाचा असला पाहिजे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. पुढच्या वेळी एखाद्या मुलाचा वेग ठळक अक्षरांत छापाल, तेव्हा त्याने गेल्या महिन्याभरात सामन्यांत किती षटके टाकली, तेही त्याच चौकटीत द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक