अडकित्त्यासारखी चोच

ग्लॉस्टर, ५ फेब्रुवारी

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न.

बाबांना नव्या डोळ्याने वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. थेंब वेळेवर घालताय ना? काळा चष्मा न लावता बागेत जाता असं कळलं. कोणाकडून ते सांगत नाही.

माझं बरं चाललंय. ड्यूटी, थंडी, भात-आमटी सगळं तेच.

आता मी पाठवलेल्या त्या रानातल्या फोटोबद्दल. आई, फोनवर तू फक्त "बरो आसा फोटो" म्हणालीस आणि गप्प झालीस. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनाला यायला रजा नाही आणि रानात फिरायला वेळ गावतो, हेच ना? अगं, ती रजा नव्हती, आठवड्याची सुट्टी होती. एका दिवसात सावंतवाडीला येऊन परत जाता येत नाही. आणि मी एकटी नव्हते, वॉर्डातली केरळची मैत्रीण सोबत होती, गाडी तिचीच. त्या डीनच्या जंगलात रानडुकरं आहेत, पण आम्हाला एकही दिसलं नाही.

हे खूळ घरमालकीण आजींमुळे लागलं. जानेवारीच्या शेवटी इथले लाखो लोक एक तास खिडकीशी बसून पक्षी मोजतात. आरएसपीबी नावाची पक्ष्यांची संस्था आहे, तिने १९७९ साली मुलांसाठी हे सुरू केलं, आता म्हातारेही सोडत नाहीत. नियम ऐका. वरून उडत गेलेला धरायचा नाही, बागेत उतरलेलाच धरायचा. एकूण किती आले तेही लिहायचं नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले, तेवढाच आकडा. रॉबिन तीनदा आला तरी एकच लिहायचा, कारण तोच पुन्हा आला नसेल कशावरून? मी तीन लिहिले तर आजींनी खोडायला लावले. त्या तासात चहासुद्धा केला नाही त्यांनी. बाबा विचारतील, "पक्षी मोजूक पगार गावता काय थंय?" नाही, उलट दाणे आपल्या पैशाचे.

शेवटच्या पाच मिनिटांत नटहॅच आला, म्हणजे आपली शिलींध्री, तिच्याच जातीतला. डोकं खाली करून खोडावरून उतरत आला, एक बी उचलली, सालीच्या फटीत ठोकून बसवली आणि गेला. त्यांच्या बागेत पहिल्यांदाच. आजींनी माझा हात इतका घट्ट धरला की पेन पडलं. मग म्हणाल्या, त्या डीनच्या जंगलातल्या पार्कएंडला जा, तिथे चर्चजवळच्या यू नावाच्या झाडांखाली हॉफिंच नावाचा पक्षी येतो.

गेलो. दोन तास काही नाही, बोटं बधिर. मग 'टिक्' असा बारीक आवाज आणि उंच शेंड्यावर तो. वजनाला छटाकभर, मान जाड, आणि चोच म्हणजे अडकित्ता! चेरीची आठळी त्या चोचीत फुटते. इंग्लंडात आता मोजक्याच ठिकाणी उरलाय. दोन मिनिटं बसला. मला आपल्या आजीचा पानाचा डबा आठवला, आणि मग दुर्बीण मैत्रिणीकडे दिली.

कौलांसाठी ४०,००० पाठवलेत. काकांचे १५,००० आधी द्या, ते मागणार नाहीत. ऑपरेशनचं बिल तुम्ही कुठून भरलंत ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

कुडाळच्या स्थळाचं: पत्रिका पाठवू नका. मुलगा चांगला असेल, नाही म्हणत नाही, पण लग्नानंतर मी इथली नोकरी सोडणार हे त्यांना परस्पर कोणी सांगितलं? मी आल्यावर बोलू. छोटूच्या लग्नाचं माझ्यामुळे अडवू नका.

बाबांच्या डोळ्याला जपा.

तुमची,
सुमी

ता. क. मेचं तिकीट काढलं असं मी फोनवर म्हणाले होते. अजून काढलेलं नाही. या आठवड्यात काढते.