अकरावीत मॅथ्स घ्यायचं का, हे पोरीलाच ठरवू द्या

मा. संपादक, स.न.

दहावीचा निकाल लागला की आमच्या दारव्हा तालुक्यात घरोघरी एकच चर्चा, सायन्सला मॅथ्स घ्यायचं की बायो, आणि पोरगी असली तर बहुतेक घरी तिला न विचारताच बायो ठरते. "मॅथ्स तिले नाही झेपणार," मामा म्हणतो, काका म्हणतो, झालं. मी गावात नववी-दहावीच्या शिकवण्या घेते, दरवर्षी हे बघून जीव तुटतो म्हणून लिहितेय.

नुसते दहावीचे मार्क बघून हे ठरवू नका. बीजगणित 40, भूमिती 40, अंतर्गत 20, यात तीच ती गणितं घोटूनही चांगले मार्क पडतात, अकरावीत तेवढ्यानं भागत नाही. माझ्याकडच्या एका पोरीला दहावीत बेताचेच मार्क होते, तिला मी अकरावीचं एक गणित दिलं, पाच मुली एका रांगेत बसवायच्या पण दोन मैत्रिणी शेजारीच हव्यात, किती प्रकारे? तिनं आधी तीनच मुली घेऊन सगळे प्रकार लिहून काढले, मग चार, वहीचं पान भरलं, आणि मग एकदम म्हणे, ताई, त्या दोघींले एकच धरू ना! मग झाल्या चारच, चारांचे 24 प्रकार, त्या दोघी आपसात जागा बदलणार म्हणून दुप्पट, 48. सूत्र तिला माहीतच नव्हतं. अशी पोरगी मॅथ्स सोडते तेव्हा फार वाईट वाटतं हो.

मराठी मिडियमच्या पोरांना सायन्स इंग्लिशमधून शिकायची धास्ती असते, ती खरीच आहे, पण सगळ्यात कमी इंग्लिश मॅथ्सलाच लागतं, बायोत तर पानंच्या पानं वाचून लिहावी लागतात.

डॉक्टरच व्हायचं पक्कं असेल तर बायो घ्याच, मेडिकलच्या नीट परीक्षेला मॅथ्स नसतं. पण फार्मसी, बीएस्सी अॅग्री मॅथ्स ग्रुपवरूनही होते हे आपल्याकडे कास्तकारांच्या घरीही माहीत नसतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, 200 पैकी 100 मार्क मॅथ्सचे. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं सैन्यात अधिकारी व्हायची एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, तिथं मॅथ्सचा पेपर 300 मार्कांचा, आणि एअरफोर्स-नेव्हीसाठी बारावीला फिजिक्ससोबत मॅथ्स लागतंच.

तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजांना विनंती आहे, अॅडमिशनचे फॉर्म भरायच्या आधी आठवडाभर मॅथ्सचे क्लास सगळ्यांना खुले ठेवा, पोरं बसून तर बघतील. तोवर बालभारतीच्या साइटवर अकरावीचं पुस्तक फुकट आहे, मोबाईलवर उतरवा, त्रिकोणमितीचा धडा पोरीपुढे ठेवा आणि चार-पाच दिवस तिला कोणी काही बोलू नका. उत्तर चुकलं तरी ती पुन्हा वही ओढून बसते का, एवढंच बघा.

— एक शिकवणीवाली ताई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ