पैसे गेले, पावती नाही

महोदय,

मे महिन्यात भाच्याला पोहायला घालायचं म्हणून मी घरूनच तलावाची फी भरली. खात्यातून १,२०० रुपये गेले, स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘नोंदणी यशस्वी’ आलं, पावती मात्र नाही. खिडकीवर गेले तर उत्तर मिळालं, ‘सर्व्हर डाऊन असेल, दोन दिवसांनी या.’ माझ्या पुढचे आजोबा नातीच्या पावतीसाठी कोथरूडहून दुसऱ्यांदा आले होते.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका क्लासमध्ये मी १८ वर्षं डेटाबेस, म्हणजे कॉम्प्युटरवर माहिती नीट साठवणं, शिकवते. तलावाचं कॉम्प्युटरचं काम बघणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने कोड दाखवला. पैशांची नोंद, एक जागा कमी, पावती तयार, अशा तीन क्वेरी (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) सेमीकोलनने जोडून पीएचपी या वेबसाइटच्या भाषेतल्या मल्टी क्वेरी फंक्शनने एकदमच पाठवल्या होत्या. हे फंक्शन पहिल्या क्वेरीचंच काय झालं ते सांगतं. पुढच्यांचं एकेक करून विचारावं लागतं, आणि ते कुणी विचारलंच नव्हतं. पावतीच्या टेबलात नावाला जागा ३० अक्षरांची, भाच्याचं पूर्ण नाव ३४. तिसरी क्वेरी अडली, आधीच्या दोन होऊन गेल्या, आणि स्क्रिप्टने बिनदिक्कत ‘यशस्वी’ छापलं.

शिवाय फॉर्ममधलं नाव थेट क्वेरीत चिकटवलेलं. अशा ठिकाणी नावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह आणि सेमीकोलन टाकून कुणीही आपली क्वेरी घुसवू शकतो. तिथे लहान मुलांचे पत्ते आहेत, याची मला जास्त धास्ती वाटते.

खरं तर मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, काही न सांगता मिळणारं इनोडीबी हे माहिती साठवणारं इंजिन ट्रान्झॅक्शन, म्हणजे जोडलेल्या क्वेरी एकतर सगळ्या होतील नाहीतर एकही नाही अशी सोय, सांभाळतं. बँकेचा व्यवहार क्रमांक आधी वेगळा नोंदवायचा, मग जागा आणि पावती एका ट्रान्झॅक्शनमध्ये. दोन्ही झाल्या तर कमिट, म्हणजे बदल पक्के; एक जरी अडली तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत; आणि भरणाऱ्याला खरं काय ते सांगायचं. नावासाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आधी ठरवायची आणि नाव तिच्याकडे वेगळं पाठवायचं.

त्या मुलाला मी रागावले नाही. परीक्षा तोंडावर आली म्हणून त्याच्या बॅचचा ट्रान्झॅक्शनचा धडा मीच घाईत उरकला होता. आता तो पहिल्याच महिन्यात घेते आणि मुलांकडून मधली क्वेरी मुद्दाम पाडून घेते. शहरातल्या इतर शिक्षकांनीही हे करावं, अशी कळकळीची विनंती.

आणि ज्यांचे पैसे जमा आहेत पण पावती नाही, त्यांना तलावाच्या चालकांनी स्वतःहून फोन करावेत. ती यादी एका क्वेरीत निघते.

– एक शिक्षिका, नारायण पेठ, पुणे