आप्पा, खानावळीचं ते वाक्य मी शपथपत्रात ठेवलंय

बजाजनगर, वाळूज
१६ जून २०२४

तीर्थरूप आई-आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र दादाकडून वाचून घ्या, आणि त्याला शेवटपर्यंत वाचू द्या. फोनवर हे बोलणं होत नाही. आप्पा चिडतात, आई रडते आणि मुद्दा राहून जातो.

कंपनीने मला कामावरून काढलं, त्याची तक्रार दाखल झाली आहे हे तुम्हाला माहीत आहे. १९७१ चा आपल्या महाराष्ट्राचा कायदा आहे, त्यात काढल्यापासून ९० दिवसांच्या आत कामगार न्यायालयात जावं लागतं. आता माझ्या साक्षीची पाळी आहे. मला वाटायचं, पिंजऱ्यात उभं राहून सगळं तोंडी सांगायचं असतं. तसं नाही. आपलं म्हणणं आधी शपथपत्रावर लिहून द्यायचं, मग कंपनीचा वकील त्यातल्या ओळी-ओळीवर उलटतपासणी घेणार. म्हणून आमच्या वकीलबाई प्रत्येक वाक्याला विचारतात, "हे तुम्ही स्वतः पाहिलं, का कुणी सांगितलं?" वरून फोन आला म्हणून मला काढलं, असं लाईनवरच्या पोरी सांगतात. मी तो फोन ऐकलेला नाही, म्हणून शपथपत्रात तो नाही. खरं तर मला सगळ्यात जास्त राग त्या फोनचाच आहे.

राहिलं ते एवढं. ओव्हरटाईमचे पैसे कायद्याप्रमाणे दुप्पट दराने द्या, असा अर्ज मी दिला. त्याची शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात केबिनमध्ये बोलावून टाईप केलेला राजीनामा पुढ्यात ठेवला. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चालेना आणि वॉचमन आत सोडेना. ना नोटीस, ना चार्जशीट, ना चौकशी. आता कंपनी लिहून देते की, ही आपणहूनच यायची बंद झाली. बरं झालं, 'मी कामावर यायला तयार आहे' असं पत्र मी लगेच रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं. त्याची पोचपावती जिवापाड जपून ठेवली आहे.

आई, तू म्हणालीस, सही केली असती तर निदान हिशोब तरी हातात पडला असता. मुकादमाकडून उचल घेताना तुम्ही दोघांनी कोऱ्या कागदावर अंगठे दिले. किती फिटली, किती राहिली, हे त्यानेच ठरवायचं आणि तुम्ही पुढच्या हंगामाला पुन्हा कोयता घेऊन कारखान्यावर जायचं. हे बघत मी मोठी झाले. तो कागद तर टाईप केलेला होता, मला वाचता येत होता. त्यावर सही कशी करू?

आता आप्पा, तुमचं. 'खानावळीत पोळ्या लाटतेस ते काहून लिहितेस? कोर्ट म्हणेल, हिचं तर भागतंय.' मलाही आधी तसंच वाटलं. पण वकीलबाईंनी एक निकाल दाखवला. आपल्या इथलीच, औरंगाबादची एक शिक्षिका. महापालिकेने संस्थेचा कर वाढवला, तर संस्थेने शिक्षकांकडून महिन्याला १,५०० रुपये मागितले. तिने दिले नाहीत. तिच्या मागे मेमोंचा ससेमिरा लावला, निलंबित केलं आणि २००७ मध्ये काढून टाकलं. ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली, आणि २०१३ मध्ये पूर्ण थकीत पगार तिला परत मंजूर झाला. त्याच निकालात सांगितलंय की मागचा पगार मागणाऱ्याने आपण रिकामे होतो, किंवा कमी पैशावर काम करत होतो, हे कोर्टापुढे सांगावं. त्यानंतर ते खोटं पाडणं मालकाचं काम. म्हणजे पोळ्या लपवल्या तर उलटतपासणीत खानावळवाल्याचं नाव निघणार, आणि मग माझं खरंही खोट्यात जाणार. शपथेवर खोटं सांगितलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ते वेगळंच. रोज किती मिळतात तेही लिहिलंय. वाक्य राहणार. तुम्ही रागवा.

एक मात्र खरं, नुसत्या शपथपत्रावर भागत नाही. वर्षात २४० दिवस भरले हे कामगारानेच दाखवायचं असतं, आणि त्याला त्याचा स्वतःचा शब्द पुरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. माझे दिवस भरतात, पण कागद लागतो. पीएफचं पासबुक मी मोबाईलवरून काढलं. बँकेचा उताराही मिळाला. कोर्टाच्या बाहेर एकाने शंभराचा बाँड घ्यायला लावला होता. वकीलबाईंनी सांगितलं, कोर्टात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. शंभर वाचले.

गावातल्या पुढाऱ्याला मध्ये घालू नका. तो कंपनीत फोन करील, आणि उद्या तेच म्हणतील, बाई तडजोडीला आली होती.

माझं नेमणूकपत्र आणि पहिल्या वर्षाच्या पगाराच्या चिठ्ठ्या आईच्या पेटीत आहेत, लुगड्यांच्या खाली, निळ्या पिशवीत. गावातलं कुणी इकडे येणार असेल तर त्याच्या हाती द्या. झेरॉक्स गावातच काढून घरी ठेवा, मला मूळ कागद पाठवा. आणि दादाला सांगा, हौसेने लॅमिनेशन करू नको.

तुमची लेक