डाग पडण्याआधीची काळजी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील बागकामाच्या सदराचा मी नियमित वाचक आहे. त्यात येणारे बहुतेक प्रश्न पानांवर डाग पडल्यावर किंवा फळे काळवंडून गळू लागल्यावर विचारलेले असतात आणि उत्तरात एखादे औषध सुचवलेले असते. बुरशीचे तंतू पानात शिरल्यावर पडलेला डाग कोणत्याही फवारणीने जात नाही, आणि बरीच बुरशीनाशके बीजाणू (बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण) रुजण्यापूर्वी पानावर असली तरच उपयोगी पडतात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

हे बीजाणू पुष्कळदा त्याच झाडावर दबा धरून असतात. माझ्या पेरूवर गेल्या हंगामातली तीन-चार फळे आकसून, दगडासारखी टणक होऊन फांदीलाच चिकटून राहिली होती. ती काढायचा मी कंटाळा केला. पाऊस सुरू झाल्यावर पहिले काळे ठिपके उमटले ते नेमके त्यांच्याखालच्या कोवळ्या फळांवर, कारण थेंबांबरोबर बीजाणू खाली उतरत होते. अशी फळे, वाळक्या काटक्या आणि गळलेली रोगट पाने वेचून बागेबाहेर टाकणे हाच पहिला उपाय होय. घरच्या खतखड्ड्यातही ती टाकू नयेत, कारण तिथे पुरेशी उष्णता क्वचितच निर्माण होते.

करप्याचे, म्हणजे पाना-फळांवर असे काळे डाग पाडणाऱ्या बुरशीचे, बीजाणू रुजण्यासाठी पान काही तास ओले राहावे लागते. म्हणून कोरड्या हवेत छाटणी करून झाडाचा मध्य मोकळा ठेवावा, पाणी सकाळी आणि मुळांपाशीच द्यावे, बुंध्याला मातीची भर लावू नये. भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीला, मात्र ओल्या पानाची गरज नसते. दमट, कोंदट हवा तिला पुरते.

फवारणी करायचीच तर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) व 10 ग्रॅम कळीचा चुना, प्लॅस्टिकच्या बादलीत करून त्याच दिवशी वापरावे. त्यात लोखंडी पाते बुडवून पाहावे. तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा, नाहीतर कोवळी पाने करपतात. तांबे मातीत साठत जाते, त्यामुळे ऊठसूट फवारणीही नको.

पावसाळ्याच्या महिनाभर आधी या सदरात झाडांच्या साफसफाईवर एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक